मिरजगावचे प्रेसिडेंट

कावळा पिंडाला शिवत नव्हता आणि माईक रंगनाथमामांच्या हातात गेला, तेव्हाच मी चपला शोधायला लागलो.

आमच्याकडे दशक्रियेला प्रवचन होतं आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं. ज्याला निवडणूक लढवायची आहे तो बोलतो आणि जो पडलाय तोही बोलतो. गेलेले गृहस्थ विकास सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे सीना नदीच्या काठावरच्या त्या मांडवात वक्त्यांना तोटा नव्हता. मामांना कुणीही बोलावलेलं नव्हतं. पण सूत्रसंचालकाला घोटभर पाणी प्यायचं होतं, तेवढी फट मामांना पुरली.

"जॉर्ज वॉशिंग्टन," मामा म्हणाले. पुढच्या रांगेतले दोन पुढारी कोण आलंय म्हणून मागे वळून बघायला लागले.

"अमेरिकेचा पैला राष्ट्राध्यक्ष. दोन टर्म खुर्चीवर बसला. तिसऱ्या टर्मला लोक म्हनले, सायेब, तुमीच ऱ्हावा. तर न्हाई म्हनला, आन गेला आपल्या शेतावर निघून. खुर्ची सोडायला काळीज लागतं. आपले कैलासवासी चेअरमन..."

इथे मामा अडखळले. कैलासवासी चेअरमन शेवटच्या श्वासापर्यंत चेअरमन होते आणि त्यांची खुर्ची अखेर यमानेच सोडवून घेतली होती, हे साऱ्या मांडवाला माहीत होतं. मामांना ते वाक्याच्या मध्यावर आठवलं.

"...त्यांला शेतावर जायला येळच न्हाई भेटला," त्यांनी कसंबसं वाक्य संपवलं.

चेअरमनांच्या थोरल्या मुलाचं नुकतंच भादरलेलं डोकं रागाने लाल झालं. मी जमिनीकडे बघत होतो. आणि नेमका तेव्हाच कावळा आला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की वॉशिंग्टनचं नाव घेतलं आणि घास शिवला.

हे रंगनाथमामा माझे सख्खे मामा. मिरजगावात हायवेला त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, औषधं. त्याला लागून माझं औषधांचं दुकान. ते पिकांच्या रोगांचं बघतात, मी माणसांच्या. मध्ये एक पत्रा आहे. पत्र्यातून वास येतो, आवाजही येतो, आणि माझं दुखणं म्हणजे तो आवाज. खोकल्याचं औषध घ्यायला आलेलं गिऱ्हाईक खोकायचं थांबून कान देऊन ऐकायला लागतं.

मामांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "सुरवातीला तेराच हुते!" म्हणजे अमेरिकेची राज्यं. हे वाक्य ते कुठेही लावतात. कुणी दोन शेळ्या घेऊन धंदा सुरू केला, तर "तेराच हुते." कुणाचं पोर दहावीला काठावर पास झालं, तरी तेराच हुते. माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीला भात कमी पडला, ती एक वेळ सोडून मामांनी हे वाक्य माझ्या आयुष्यात सगळीकडे वापरलं आहे, आणि लग्नात वापरलं नाही ते तेव्हा त्यांना अमेरिका लागलेली नव्हती म्हणून.

एकदा कांद्याचं बी घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याला ते तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन समजावून सांगत होते. "नेपोलियन लढाईपायी पैशाला अडला हुता. जेफरसननी बरुबर गाठला. त्याचं तितलं रान एका खरेदीखतात घिऊन देश दुप्पट केला, दुप्पट! आपल्याकडं एका बांधापायी डोकी फुटत्यात."

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या रानात आदी कोन ऱ्हात हुतं?"

"मूळची मान्सं हुती."

"त्यांला इचारलं का?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग मामा हळूच म्हणाले, "ते प्रश्नावलीत न्हाई."

आता ही प्रश्नावली काय ते सांगतो. मामांची एकुलती एक मुलगी स्वाती अमेरिकेत असते, पेनसिल्व्हेनिया नावाच्या राज्यात. मूळच्या तेरांपैकी एक, हे मामा न विचारता सांगतात. मामी गेल्यावर मामा घरात एकटेच. गेल्या वर्षी स्वाती म्हणाली, "अप्पा, या इकडे दोन-तीन महिने." झालं. पासपोर्ट निघाला. नगरच्या एजंटाने सांगितलं की मुंबईला मुलाखत असते, साहेब प्रश्न विचारतो. मामांनी गावभर चौकशी केली की कसले प्रश्न. कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक लांबलचक यादी पाठवून दिली. पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, मूळच्या राज्यांपैकी तीन सांगा, अशी.

मी ती बघितली आणि म्हणालो, "मामा, हे तिथलं नागरिक व्हायचंय त्यांच्यासाठी आहे. तुम्हाला फक्त जाऊन यायचंय. ते एवढंच विचारतील की परत येणार ना?"

"आसूं दे. परीक्षेला जास्तीचा आभ्यास केलेला कुटं वाया जातो?"

आणि वयाच्या पासष्टीत माणूस अभ्यासाला बसला. युरियाच्या गोणीवर बसून राज्यं पाठ करायचे. कीटकनाशकांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, ही व्हर्जिनिया, ही जॉर्जिया. एका शेतकऱ्याला त्यांनी "ती डेलावेअरच्या शेजारची दे रं" असं नोकराला सांगून औषध दिलं, तो ते परत करून गेला. जिल्ह्याचं नाव बदललं आणि लोक कागदपत्रांच्या काळजीत पडले, तर हे म्हणाले, "न्यूयॉर्कचं नाव आदी न्यू ॲमस्टरडॅम हुतं. तितल्या गाड्या थांबल्या का?" दोन भाऊ वाटणीचं भांडण घेऊन आले, तर त्यांना मॅसॅच्युसेट्समधून मेन नावाचं राज्य कसं वेगळं निघालं ते ऐकवलं. भाऊ भांडण विसरले आणि दोघांनी मिळून मला विचारलं, "शेठ, ह्यांला काही गोळी न्हाई का?" लोक हसायचे, आणि मला त्यांच्यात हसावंही लागायचं.

पुढचा कहर फ्लेक्सचा. मुलाखतीची तारीख मिळाल्याचं कळताच मामांच्या मित्रमंडळींनी चौकात ट्रकाएवढा फ्लेक्स लावला. "अमेरिका दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" मध्यभागी फेटा बांधलेले मामा, एका बाजूला तो मशालवाला पुतळा, दुसऱ्या बाजूला गरुड आणि खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांत पहिला फोटो माझा, गॉगल लावलेला. तो कुठून मिळवला ते मला आजवर कळलेलं नाही. मी आठवडाभर दुकानाला मागच्या बोळातून जात होतो.

मंदिरासमोर शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. मी म्हणालो, "मामा, अजून व्हिसा मिळायचाय." ते म्हणाले, "लेक बोलावती म्हनल्यावर कोन आडवतंय?" गावाला ऐकवायचं होतं ते हेच. कारण मामी गेल्या तेव्हा स्वातीला येता आलं नव्हतं आणि गावाने त्यावर बरंच काय काय म्हणून घेतलं होतं. लेक विसरली, परदेशात गेलेली पोरं कुणाची असतात वगैरे. मामांनी तेव्हा कुणाला काही उत्तर दिलं नव्हतं. आता चौकातून देत होते.

मुंबईला मी बरोबर जाणार होतो. ऐन वेळी मामा म्हणाले, "नगं, एकटाच जातो." गेले, आणि दोन दिवसांनी परत आले ते थेट बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर.

"नाकारला!" त्यांनी तिथूनच जाहीर केलं. "सायेबानं इचारलं, अमेरिकेला कशापायी चाललात? म्या म्हनलं, सायेब, सुरवातीला तेराच हुते. त्यो म्हनला, ते ऱ्हाऊ द्या, परत कधी येनार? म्या म्हनलं, थांबा, आजून लिंकनपतुर जायचंय. त्यानं पासपोर्ट काचंखालून भायेर ढकलला, तर म्या तसाच खिडकीला धरून दुसरा राष्ट्राध्यक्ष ॲडम्स सांगतोय! शेवटी शिपायानं बखोट्याला धरून भायेर काढला."

टपरी हसून लोटपोट झाली. मामा सर्वांत जास्त हसत होते. आणि मग ही गोष्ट त्यांनी गावाला सांगायचा सपाटाच लावला. सलूनमध्ये, सोसायटीत, लग्नात, बाजारात. दर वेळी एखादा राष्ट्राध्यक्ष वाढायचा, शिपाई जास्त धिप्पाड व्हायचा. लोकांनी प्रेसिडेंट हे नाव तेव्हाच पाडलं. पोरं दुकानासमोरून जाताना "परत कधी येनार?" म्हणून ओरडायची. नगरहून येणाऱ्या औषध कंपनीच्या माणसाने ऑर्डर लिहून घेता घेता मला विचारलं, "ते अमेरिकावाले तुमचेच मामा ना?" मी म्हणालो, "लांबचे."

शेवटी एका बाजारच्या दिवशी माझा तोल गेला. दुकानात गर्दी, पलीकडे मामांचा शिपाई आता बंदूक घेऊन आलेला. मी उठून गेलो आणि चारचौघांत म्हणालो, "बास करा मामा! तुम्हाला नसेल, आम्हाला लाज वाटते. स्वातीनं कधी नव्हे ते बोलावलं आणि तुमच्या येडेपणामुळं राहिलं. ते काय मिरवायचं?"

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "बरुबर हाय तुजं. माज्याच येडेपनामुळं." आणि गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "भाचा हाय. खरं बोलतो." मला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

चार दिवसांनी सकाळी मी दुकानाचं शटर वर करतोय तोच स्वातीचा फोन आला. ती मला फारसा फोन करत नाही. फार मोठ्याने बोलत होती, मला वाटलं तिकडे रेंज नसेल.

"दादा, अप्पा मुंबईला गेले होते?"

"हो. व्हिसा नाकारला ना त्यांचा."

"इथे मला मैत्रिणीचा मेसेज आला, तुझ्या अप्पांनी मुलाखतीत काय धमाल केली म्हणून. दादा, अप्पा मुलाखतीला गेलेच कसे? मीच त्यांना नको म्हणाले होते."

मी शटर अर्ध्यावर सोडून पायरीवर बसलो.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी तिने मामांना फोन केला होता. तिचं आणि नवऱ्याचं फाटलं होतं. ती वेगळी राहायला गेली होती, कुणाच्या तरी घरातल्या एका खोलीत. तिथे बापाला आणून ठेवणार कुठे आणि सांगणार काय? "मी म्हणाले, अप्पा, येऊ नका आत्ता. मला तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते. त्यांनी एक शब्द विचारला नाही रे. म्हणाले, बरं. गावात काय सांगायचं ते मी बघतो, तू नगं काळजी करू."

मी "हो, हो" एवढंच म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर मला माझं चारचौघांतलं भाषण शब्दन् शब्द आठवलं. इतके दिवस मला मामांची लाज वाटत होती. आता ज्याची वाटत होती तो माणूस मामा नव्हता.

पलीकडे गेलो. मामा गोण्या मोजून रचत होते. मी म्हणालो, "स्वातीचा फोन आला होता."

त्यांनी हातातली गोणी खाली ठेवली. "कुनाला बोललास?"

"नाही."

"बोलू नगं. बाप येडा निघाला तर गाव चार महिने हसतंय आन इसरतंय. लेकीचं आसलं काय कळलं तर कोन इसरतंय व्हय? तिला कदीतरी माघारी यायचंय, ह्याच रस्त्यानं."

"मग ते दोन दिवस होता कुठे तुम्ही?"

"शिर्डीला. भक्तनिवासात पडून हुतो. गोष्ट रचायला येळ लागतो, बाबा. पैल्या दिवशी शिपाई सुचलाच न्हाई."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरचे रावसाहेब पाहुण्यांना घेऊन आत आले. "प्रेसिडेंट, पाव्हनं खास जामखेडवरनं आल्यात. ते सायेबाचं सांगा की एकदा."

मामांनी टोपी सारखी केली. "सायेबानं इचारलं," त्यांनी सुरुवात केली, माझ्याकडे बघितलं, आणि थांबले. पाहुणे वाट बघत होते. मामांना पुढचं येईना.

"अमेरिकेला कशापायी चाललात?" मी म्हणालो.

"हां! म्या म्हनलं, सायेब, सुरवातीला तेराच हुते." गाडी रुळावर आली. मधे एकदा लिंकनला ते पुन्हा अडले, तर मी शिपायाला आत घेतला आणि त्याला मिशाही लावल्या. पाहुणे पोट धरून हसले. रावसाहेब मला म्हणाले, "तुमी तर मामाच्या वर निगाला!" मी म्हणालो, "घराणंच तसं आहे आमचं."

ते लोक गेले. मामा पुन्हा गोण्यांकडे वळले. माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "मला फोन न्हाई केला तिनं, तवापासनं. आवाज कसा हुता तिचा?"

"चांगला होता," मी घाईघाईने म्हणालो. "चांगली मोठ्यानं बोलत होती."

मामांचा हात गोणीवर तसाच राहिला.

"मग रडत हुती," ते म्हणाले. "ल्हानपनापासनं तशीच हाय. रडू आलं की मोठ्यानं बोलती."