पाणी तक्रार केंद्र, दुसरा मजला

“मी आहे ना!” असं भांडारपाल शुक्रवारी संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, आणि त्यांच्या बायकोने हातातला कप खाली ठेवला.

बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने दोनदा ऐकलं होतं. पहिल्यांदा गिझर बिघडला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा तिच्या भावाचं कपाट हलवायचं होतं तेव्हा. गिझर अजून गार पाणी देतो. भाऊ अजून कमरेला पट्टा लावतो.

भांडारपाल पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात होते. नळ, व्हॉल्व्ह, पाइप, वायसर यांच्या ढिगात त्यांची एकवीस वर्षं गेली होती आणि कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे हे ते डोळे मिटून सांगत. (डोळे उघडल्यावर ती सापडत नसे, ही गोष्ट वेगळी.) बायको कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि अकरा वर्षं गोगलगायींवर प्रबंध लिहीत होती. गोगलगाय चालताना मागे जी ओली वाट सोडते, त्या वाटेवरून मागून येणाऱ्या गोगलगायी कशा जातात, असा काहीतरी विषय होता. अकरा वर्षांत घरात गोगलगायी आल्या, गेल्या, दोन तर भांडारपालांच्या बुटात निघाल्या. पण त्या सगळ्यातून निष्पन्न काय झालं हे विचारायचं मात्र भांडारपालांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी अकरा वाजता तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. तीन परीक्षक तीन गावांत, त्यामुळे सगळं लॅपटॉपवरच. आणि बुधवारपासून गल्लीतलं इंटरनेट बंद होतं, कारण गल्लीत खोदाई चालू होती, आणि खोदाईच्या यंत्राने पाइप शोधता शोधता केबल शोधून काढली होती.

खोदाई पाणीपुरवठा खात्याची होती.

त्यामुळे घरात तीन दिवस भांडारपालांशी जे बोलणं होत होतं ते ‘तुमच्या खात्याने’ या शब्दांनी सुरू होत होतं. मोबाइलवरून जोडून पाहिलं, तर गल्लीत रेंजची जेमतेम एक दांडी. मार्गदर्शक सर स्क्रीनवर आले आणि तोंड उघडं असतानाच गोठले. सात मिनिटं ते तसेच होते.

“मी उद्या धाकट्या बहिणीकडे जाते,” बायको म्हणाली. “तिच्याकडे नेट चांगलं आहे.”

“तिच्याकडे दोन कुत्री आहेत. परीक्षक प्रश्न विचारणार की कुत्री? मी आहे ना! आमच्या भांडारात पेटी आहे.”

ही पेटी म्हणजे खात्याचा अभिमान. वस्तीवस्तीत तक्रार शिबिरं घ्यायची तेव्हा ही घेऊन जायची. आत बॅटरी, सिमकार्ड, राउटर, आणि वर काढून लावायला हातभर उंचीची अँटेना. कुठेही ठेवा, बटण दाबा, तासाभरापुरतं असो की दिवसभरापुरतं, वायफाय तयार. भांडारपालांनी ती आजवर फक्त फळीवरून काढून दिली होती आणि परत आल्यावर फळीवर ठेवली होती. पण एखादी वस्तू इतक्या वेळा उचलली की माणसाला ती चालवताही येते, अशी त्यांची समजूत होती.

शनिवारी सकाळी साडेदहाला पेटी बैठकीच्या खोलीत खिडकीत बसली. अँटेना खिडकीबाहेर निघाली. भांडारपालांनी बटण दाबलं. तीन हिरवे दिवे लागले. भांडारपालांची छाती दोन इंच वाढली.

“बघ! पाच दांड्या!” ते आपला फोन पुढे करत म्हणाले.

बायकोने लॅपटॉप जोडला. पडद्यावर निळं पान उघडलं: ‘पाणीपुरवठा खात्यात आपले स्वागत आहे. कृपया आपली तक्रार नोंदवा.’

“हे काय?”

“काही नाही, ते येतंच. पुढे जा.”

“जाऊ देत नाही. तक्रार भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणतंय.”

“मग भर एखादी.”

दहा सत्तेचाळीस झाले होते. बायकोने दोन क्षण नवऱ्याकडे पाहिलं आणि भराभर टाइप केलं. तक्रारीचा प्रकार: इतर. तपशील: सांगून ऐकत नाही. किती दिवसांपासून: बावीस वर्षे. पान म्हणालं, ‘धन्यवाद. संबंधित कर्मचारी लवकरच आपल्याला भेटेल.’ संबंधित कर्मचारी तिच्या खांद्यामागे उभा राहून हे वाचत होता. (खात्यात ‘इतर’मध्ये गेलेली तक्रार आजवर कोणी उघडून पाहिलेली नाही, हे आठवून त्याला जरा बरं वाटलं.)

अकराला तिन्ही परीक्षक पडद्यावर आले. चित्र स्वच्छ. आवाज खणखणीत. मधले, टक्कल पडलेले, मुख्य परीक्षक होते. बायकोने साडीचा पदर सारखा केला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. भांडारपाल कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून स्वतःवर खूश झाले.

हा आनंद सहा मिनिटं टिकला. पेटीवरचा एक दिवा पिवळा झाला. मग दुसरा. मुख्य परीक्षकांची भुवई वर गेली ती तिथेच राहिली. आणि त्याच वेळी दारावरची बेल वाजली.

भांडारपाल कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून खाली बसले, मग गुडघ्यांवर आले आणि रांगत रांगत दारापर्यंत गेले. दार किलकिलं केलं. बाहेर खालच्या दुकानातला शिंपी उभा होता, गळ्यात टेप, हातात फोन.

“केंद्र इथेच ना?” तो म्हणाला.

“कसलं केंद्र?”

शिंप्याने फोन पुढे केला. त्यावर वायफायच्या यादीत सगळ्यांत वर लिहिलं होतं: ‘पाणी तक्रार केंद्र – मोफत’. “तीन दिवस नेट नाही. अचानक हे दिसलं. वर चढत गेलो तसतशा दांड्या वाढत गेल्या. तुमच्या दारात पाच.”

त्याच्या मागे जिन्यावर आणखी सात-आठ जण होते. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येकाची नजर दांड्यांवर. एकामागून एक, त्याच वाटेने, शांतपणे वर सरकत येत होते.

“हे खासगी आहे,” भांडारपाल कुजबुजले. “सगळ्यांनी फोन तोडा. म्हणजे वायफाय तोडा.”

“तक्रारीचा नंबर मिळाल्याशिवाय नाही,” शिंपी ठामपणे म्हणाला. “अर्धं पान भरलंय मी.”

“हळू बोला हो! आत परीक्षा चालू आहे!”

“पाण्याची?”

“गोगलगायींची!”

शिंप्याने मागे वळून सगळ्यांना सांगितलं की साहेब नोंद घ्यायला टाळाटाळ करतायत.

भांडारपाल पुन्हा रांगत पेटीकडे गेले. पासवर्ड लावला की बाहेरचे सगळे आपोआप गळतील, एवढं त्यांना माहीत होतं. पासवर्ड कसा लावायचा हे पेटीच्या तळाला लेबलवर लिहिलेलं होतं. त्यांनी पेटी हळूच तिरपी केली. लेबलवर दुसरं एक लेबल होतं: ‘भांडार क्र. ४७/ब’. अक्षर त्यांचंच. चिकटवलंही त्यांनीच, भरपूर डिंक लावून. त्यांनी नखाने कोपरा उचलला. वरचं लेबल निघालं, आणि खालचंही त्याच्याबरोबर निघालं.

“बाई,” परीक्षकांचा आवाज तुटत तुटत आला, “ही ओल... साधारण किती काळ टिकते?”

“तीन दिवस झाले, एक थेंब नाही!” दारातून कोणीतरी ओरडलं.

“थेंबही नाही?” परीक्षक गोंधळले. “पण तुमच्या तक्त्यात अठरा तास लिहिलंय.”

“सर, अठराच तास,” बायको घाईघाईने म्हणाली. “मधे जरा... व्यत्यय आला.”

“कोणत्या प्रजातीचा?”

बायकोने कॅमेऱ्यावर नजर ठेवून, ओठ न हलवता, “बंद करा” असं म्हटलं. भांडारपालांना वाटलं पेटी बंद करा. त्यांचा हात बटणाकडे गेला. तिने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. मग कळलं की दार.

दार बंद करणं आता भांडारपालांच्या हातात नव्हतं. जिना खालपर्यंत भरला होता, आणि समोरच्या इमारतीतलेही रस्ता ओलांडून येत होते. शेवटी त्यांनी पेटीच्या कप्प्यातले छापील अर्ज काढले, उंबऱ्यावर बसले आणि एकेकाच्या हातात देऊ लागले. तरी फोन कोणी तोडेना. तिसरा दिवा लाल झाला. आत मुख्य परीक्षक म्हणत होते, “बाई, ऐकू येत नाहीये. असंच राहिलं तर आपल्याला पुढची तारीख घ्यावी लागेल,” आणि पुढची तारीख म्हणजे सहा महिने, हे भांडारपालांनाही ठाऊक होतं. बायकोच्या पाठीकडे त्यांनी पाहिलं. ती ताठ बसली होती, पण मांडीवर एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरलं होतं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई काठी टेकत वर आल्या. रांगेतल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलेलं होतं.

“काय गोंधळ आहे?”

भांडारपालांनी सगळं सांगितलं. खरं सांगितलं. पेटी, लेबल, डिंक, अकरा वर्षं, सहा महिने.

बाईंनी काठी एकदा फरशीवर आपटली. “प्रत्येकाने आपला फोन विमानात टाकायचा!”

“म्हणजे, बाई?” शिंपी म्हणाला.

“त्यात विमानाचं चित्र असतं, ते दाबायचं. मग खाली बसायचं. अर्ज हाताने भरायचा, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, आणि तोंडातून आवाज काढायचा नाही.”

पस्तीस-चाळीस माणसं पायऱ्यांवर बसली. पेटीवरचे दिवे एकेक करून हिरवे झाले. जिन्यात इतकी शांतता पसरली की आतला शब्द न् शब्द खालच्या मजल्यापर्यंत जाऊ लागला.

“आता ठीक आहे,” मुख्य परीक्षक म्हणाले. “शेवटचा प्रश्न. ही ओली वाट पुढे दोन फाट्यांत फुटली, तर मागून येणारी गोगलगाय कुठला फाटा धरेल?”

बायकोने श्वास घेतला.

“जिकडे ओल असेल तिकडे!” शिंपी जिन्यातून म्हणाला. त्याच्या दुकानाच्या भिंतीत दोन वर्षं गळती होती; या विषयावर त्याला गप्प बसवेना. बाईंची काठी त्याच्या गुडघ्यावर बसली, पण उशीर झाला होता.

“हे कोण?” परीक्षक पुढे झुकले.

“ते... पाण्याची तक्रार घेऊन आलेत, सर.”

“उत्तर वाईट नाही.”

“अर्धंच बरोबर आहे, सर,” बायको म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. “ओल दोन्हीकडे असते. ती दोन्ही वाटा चाखून बघते. मग ताजी वाट धरते. पण पुढे गेलेली जर वाटेत घाबरली असेल, तर तिच्या ओलीत ते उतरतं, आणि मागची गोगलगाय त्या फाट्याला जातच नाही, मग तो कितीही ताजा असो. हे बघायला मला चार वर्षं लागली. पहिली तीन वर्षं मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय.”

ती दहा मिनिटं बोलली. अर्ज भरणाऱ्यांची पेनं थांबली. भांडारपाल उंबऱ्यावर बसून ऐकत राहिले. पहाटे चारला उठून ही बाई काचेच्या पेटीपुढे बॅटरी घेऊन काय बघत बसते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि आपण इतकी वर्षं तिला ‘दिवा मालव’ एवढंच म्हणत आलो, हेही.

परीक्षकांनी आपसांत दोन मिनिटं बोलून घेतलं. मग मुख्य परीक्षक म्हणाले, “अभिनंदन, डॉक्टर.” आत बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जिन्यात बाईंनी पहिली टाळी वाजवली आणि मग सगळ्या जिन्याने.

जाताना बाईंनी भरलेले अर्ज गोळा केले. “हे मी स्वतः सोमवारी तुमच्या साहेबांना देणार,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हातात दिले तर फळीवर जातील.”

भांडारपालांना रविवारी जेवण गेलं नाही. परवानगी न घेता पेटी घरी नेली होती. सोमवारी नऊ वाजता त्यांनी ती गुपचूप फळीवर ठेवली आणि सव्वादहाला मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

साहेबांपुढे अर्जांचा गठ्ठा होता. “एका शनिवारी एकोणचाळीस तक्रारी!” साहेब म्हणाले. “आणि तुमच्या गल्लीत! आपल्या शिबिरांना चार माणसं येत नाहीत. आज दुपारीच माणसं पाठवतोय तिथे. पण मला हे सांगा, प्रत्येक अर्जाच्या खाली अभिप्रायाचा रकाना भरलाय. असं मी आजवर पाहिलेलं नाही.” त्यांनी चष्मा लावला. “ऐका. ‘आतल्या मॅडम फार छान समजावून सांगतात.’ ‘आतल्या मॅडमचा विषय पक्का आहे.’ ‘ओल कशी पसरते हे आतल्या मॅडममुळे प्रथमच कळले.’ या मॅडम आपल्या कुठल्या विभागात आहेत?”

भांडारपालांनी कसंबसं सांगितलं की त्या त्यांच्या विभागात आहेत, म्हणजे घरच्या. साहेब पोट धरून हसले. पेटीचं त्यांनी नावही काढलं नाही.

“तुमच्याबद्दलही आहे की,” गठ्ठा चाळत ते म्हणाले. “हे बघा. सात जणांनी लिहिलंय. ‘दारातला शिपाई नम्र आहे, पण फार हळू.’”

संध्याकाळी घरी आल्यावर भांडारपालांनी हे सगळं बायकोला साग्रसंगीत सांगितलं. डॉक्टरबाई प्रबंधातल्या दुरुस्त्या करत होत्या. शेवटच्या वाक्याला त्यांनी मान वर केली.

“नम्र?” त्या म्हणाल्या. “तुम्ही नीट ऐकलं नसेल. ते दुसऱ्या कोणाबद्दल असणार.”