जोडीचा लूम

आमच्या आळीत कुणी कुणाला औषध सांगितलं, की बाळारामकाका पहिला प्रश्न विचारायचे, "जोडीचा लूम कुठाय?"

हा प्रश्न ते सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे. भिवंडीत तीस वर्षं मागांच्या खडखडाटात जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करत काढल्यावर माणसाला हळू बोलता येत नाही. एकदा पलीकडच्या घरातल्या नव्या जावयाला त्यांनी "मूळव्याधीवर कंचा पाला घेतलाव?" असं आपुलकीने, अगदी खाजगीत विचारलं होतं. तो जावई पुढचे दोन सण सासरी आला नाही.

जोडीच्या लूमचा अर्थ असा. कारखान्यात नवीन सूत आलं आणि कापडात दोष निघायला लागला, की शेठ म्हणतो कारागीर वाईट आणि कारागीर म्हणतो सूत वाईट. काका शेजारशेजारचे दोन लूम घ्यायचे. एकावर जुन्या सुताच्या कांड्या, दुसऱ्यावर नव्या सुताच्या. कारागीर तोच, पाळी तीच, कापड तेच. बदलायची ती एकच गोष्ट. संध्याकाळी दोन्ही कापडं उजेडात धरली की भांडण मिटायचं. निवृत्त होऊन काल्हेरला घरी बसल्यावर काकांनी हाच नियम माणसांना लावला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी. एस्सी., रसायनशास्त्र. हे मी न विचारता सांगते, कारण ते मिळवायला मी काय केलं ते मला माहीत आहे. प्रयोगाला तुलना लागते हे मला कॉलेजात तिसऱ्या वर्षी नीट कळलं. सातवी पास काकांना ते आधीपासून येत होतं, हे मान्य करायला मला जरा वेळ लागला.

कुणीतरी त्यांना सांगितलं, तांब्याचं कडं घातलं की मनगट दुखायचं थांबतं. काकांची दोन्ही मनगटं दुखायची. ते माझ्याकडे एक तांब्याची तार आणि एक लोखंडाची तार घेऊन आले. म्हणाले, "दोन्ही चिंधीत गुंडाळ आन् मना सांगू नको कंची कुठली. कळलं तर माझा हात लाडात येईल." महिनाभर ते दोन चिंध्या बांधून हिंडले. निकाल त्यांनी ओट्यावर उभं राहून जाहीर केला, "दोन्ही हात सारखेच दुखतात. पन उजवा हिरवा झाला. म्हणजे तांबं उजवीकडं व्हतं."

नुसत्या झाडपाल्यावरच त्यांचा डोळा होता असं नाही. नाक्यावरचा एक डॉक्टर सर्दी असो की कंबर, प्रत्येकाला एकच इंजेक्शन द्यायचा. त्यालाही काकांनी जोडीचा लूम विचारला होता. उलट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या काकांनी स्वतः पास केल्या होत्या. "घसा सुखावतो, कुणाचं वाईट होत न्हाय, आन् मीठ घरातलंच. जाऊ दे माल."

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला माझ्या आईने शुगरची गोळी बंद केली.

मला ते कळलं तांदळाच्या डब्यात. मूठभर गोळ्या तळाशी लपवलेल्या होत्या. दर गुरुवारी वडपे नाक्यावर भोंगा लावलेली एक जीप यायची. तीतला माणूस शुगर मुळासकट काढायची पूड विकायचा आणि पुडी घेणाऱ्याला गोळ्या फेकून द्यायला सांगायचा. आईच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून झालेली जखम महिना झाला भरत नव्हती. शुगर चढली आणि जखम चिघळली तर अंगठा काढावा लागतो, कधी पायही जातो, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. नीट म्हणजे ओरडून.

"मी बी. एस्सी. झालेय, आई."

"झालीस ना? मग तुझी शुगर तू बघ," आई म्हणाली. "त्या लॅबमधे सुई टोचायला मी काय यायची न्हाय. हॉलभर माणसं बसलेली असतात, आन् मी एकटी म्हातारी बोट पुढं करून."

बाबा टेम्पो घेऊन पहाटेच निघायचे. ते तिच्यापुढे कधीच बोलले नव्हते, त्या दिवशीही बोलले नाहीत. मी काकांकडे गेले.

मला वाटलं, काका येऊन आईची टिंगल करतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. "वहिनी, चला, आपुन त्या माणसाला भेटू," म्हणाले, आणि रिक्षात बसवून तिला नाक्यावर घेऊन गेले. मीही गेले.

"इसमें क्या क्या है?" काकांनी विचारलं. भोंग्याची गरज नव्हती.

"जंगल की जड़ीबूटी, चाचा."

"कौनसी?"

"वो खानदानी राज है."

"जोडी का लूम किधर है?"

"चाचा, हम लूम नहीं बेचते."

काका आईकडे वळले. "वहिनी, आमच्या शेठनी एकदा बिननंबराचं सूत आणलं व्हतं. काय हाय ते विकणारा सांगना. तीन दिवसांत ताण्याच्या सुताचा अख्खा बीम वाया गेला. बीम दुसरा मिळाला. पाय दुसरा कुठनं आणायचा?"

आईने पुडी घेतली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मेथी तरी खाऊ का न्हाय?"

"डॉक्टरला विचारून खा. पन चालू लूम बंद करून नवा माल तपासत न्हाईत. गोळी चालू ठेवायची." मग काका म्हणाले, "आन् मनाबी शुगर हाय. मी तुमच्या जोडीला. तुमी मेथी घ्या, मी नुसतं पाणी. बाकी गोळ्या, सकाळचं चालणं, सुई, समदं सारखं."

त्यांना शुगर आहे हे आम्हाला नवीन होतं. डॉक्टरांनी आईला दटावलं, गोळी पुन्हा सुरू केली, जखम रोज धुवायला लावली, आणि गोळीसोबत मेथी चालेल म्हणाले. जखम सुकायला लागल्यावर, मऊ बूट घालून बांधावर चालायलाही त्यांनी परवानगी दिली. मग दोघं रोज सकाळी खाडीच्या बांधावरून चालायला लागले. लॅबमधे काका आधी बोट पुढं करायचे आणि हॉलभर ऐकू जाईल असं म्हणायचे, "मुंगी चावल्यागत हाय, वहिनी." मग आई बोट द्यायची.

तीन महिन्यांत आईची शुगर उतरली. अंगठा भरला, नवी गुलाबी कातडी आली. काकांनी ओट्यावरून निकाल दिला, "माझीबी उतरली. मंजे मेथीचा गुण काय सिद्ध होत न्हाय. पासबी न्हाय, नापासबी न्हाय."

पुढच्या खेपेला रिपोर्ट आणायला मीच गेले. लॅबवाल्याने आईचं पाकीट दिलं आणि सोबत काकांची चार पाकिटं. "काका टोचून घेतात, पण रिपोर्ट कधी नेतच नाहीत," तो म्हणाला.

मी तिथेच उघडली. पहिल्या दिवसापासून चारही रिपोर्ट नॉर्मल. काकांना शुगर नव्हतीच. दुसऱ्याच्या पुडीचा, डॉक्टरच्या सुईचा, स्वतःच्या मनगटाचा हिशेब चोख मागणाऱ्या माणसाने चार महिने शुगरचं सोंग केलं होतं आणि सगळ्या आळीला खोटा निकाल सांगितला होता.

ते दोघं चालून आले तेव्हा आई चहा ठेवायला आत गेली. मी ओट्यावर काकांना पाकिटं दाखवली. "काका, हा माल तुम्ही पास कसा केला?"

मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"तुझी आय एकटी गेली असती काय सुई टोचायला?" त्यांनी पाकिटं माझ्याकडे सरकवली. "मेथीचा निकाल फाडून टाक. तो आपुन घेतलाच न्हाय असं समज. आन् खरं सांगू का, तुझी काकी गेल्यापासून सकाळ झाली की मी दाराकडं बगत बसायचो. उठून जायाचं कुठं?" मग म्हणाले, "वहिनींना सांगू नको."

मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. चार महिने काका आमच्याकडे बिनसाखरेचा चहा, चेहरा न हलवता, पीत आले होते. त्या दिवशी आईने दोन कप बाहेर आणले. स्वतःचा बाजूला ठेवला, आणि काकांच्या कपात, काही न विचारता, दोन चमचे साखर घालून ढवळली.

काका कपाकडे बघत राहिले.

"प्या भावजी, निवेल," आई म्हणाली. "आन् उद्यापासनं वाईच लवकर निघू. आता ऊन लवकर चढतं."