गंजाचा तपास

बुद्धपौर्णिमा उद्यावर आली आणि खिरीचा पितळी गंज, म्हणजे उभट पातेलं, घरात नव्हता. विमलबाईंनी सकाळीच निकाल दिला. "गंज सापडत नाही तोवर टीव्ही बंद. मंग पाह्यजा तुमचे पोलीस," असं म्हणून त्यांनी रिमोट पदराला बांधला.

रिठद गावच्या पंजाबरावांना बायकोचा हा निकाल ऐन मोक्याला महागात पडणार होता. पोलिसांच्या मालिकेचा आज रात्री शेवटचा भाग होता. खुनी कोण, ते वर्षभरानंतर आज कळणार होतं. त्या मालिकेत दोन पोलीस होते. एक टेबलावर हात आपटून ओरडायचा, दुसरा गुमान चहा प्यायचा. दोघांचं क्षणभर पटत नसे, पण गुन्हेगार सुटत नसे. शेजारचे अमरसिंगही मालिका इथंच बसून पाहत, त्यामुळे त्यांचाही जीव टांगणीला लागला.

"गंज आपूनच शोधू," अमरसिंग म्हणाले. "मी वरडतो, तुमी गप बसा."

"मी गपच असतो," पंजाबराव म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांना तेवढाच सराव होता.

दोघं घरोघर फिरले. अमरसिंग ओरडत, पंजाबराव चहा पीत. संध्याकाळपर्यंत एकाचा घसा बसला आणि दुसऱ्याला पित्त झालं. शेवटी गल्लीतल्या बेबीताईंच्या घरी फळीवर, सगळ्यांना दिसेल असा, विमलबाईंचं नाव कोरलेला गंज चमकत होता.

"कबूल कर," अमरसिंगांनी पाट आपटला.

"कायचं कबूल?" बेबीताई भाकर थापत म्हणाल्या. "मांगच्या बुद्धपौर्णिमेले विमलबाईनंच यातून खीर धाडली होती. रिकामं भांडं वापस कसं करू? मांगच्या साली आंबेच नाही आले. औंदा लोणचं झालं की भरून देईन."

भांडं रिकामं परत करणारं घर रिठदमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. पंजाबरावांनी चहाचा घोट घेतला आणि तपासात पहिल्यांदा तोंड उघडलं. "भाकरी भरून दे ना मंग."

वर्षभर अडकलेला गंज दोन भाकरींवर सुटला.

"आन भाऊजी, माहे डबे?" बेबीताई म्हणाल्या. "संक्रांतीपासून तुमच्या घरी हायेत."

अमरसिंग हळूच पंजाबरावांकडे वळले. "डबे कोठं हायेत?"

"आरे, मी तुहा जोडीदार हावो."

"कानून सगळ्याइले सारखा."

बेबीताईंना ओळख पटवायला सोबत घेऊन वरात पंजाबरावांच्या घरी आली. गंज पाहताच विमलबाईंनी पदराची गाठ सोडली आणि दोघी बाया टीव्हीसमोर बसल्या. झडती घेणं पुरुषांकडे आलं. गव्हाच्या कोठीमागं डबे निघाले. त्यांच्याखाली एक परातही निघाली. तिच्यावर अमरसिंगांच्या बायकोचं, हिरीबाईंचं नाव होतं.

"मी रोज इथं येतो आन माहीच परात इथं?" अमरसिंगांचा बसलेला घसा मोकळा झाला. पंजाबरावांनाही चेव आला. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी ओट्यावर हात आपटला. "तू आमची कढई कोठं ठेवली, ते सांग आंधी!"

हे प्रकरण मिटेपर्यंत बाहेर मालिकेचं शेवटचं संगीत वाजलं. दोघं धावत आले. पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती.

"खुनी कोण निंगाला?" पंजाबरावांनी विचारलं.

"घरचाच होता," विमलबाई शांतपणे म्हणाल्या. "आन ते डबे तसेच नका देऊ बेबीताईले. शेंगा फोडून दाणे भरा."

दोघं जोडीदार शेंगा घेऊन ओसरीत बसले.