जोडीनेच पाणी

तेल्हाऱ्याच्या बसस्टँडसमोर नईमाबाई दोन रांजण भरून ठेवत आणि ज्याला तहान लागेल तो पाणी पिऊन आपल्या वाटेने जाई, ही गंभीर बाब कित्येक वर्षं कोणाच्याही निदर्शनास आली नव्हती. आमचा भाग खारपाण पट्ट्यातला. इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. नईमाबाईंचा नवरा जहीर काळी-पिवळी जीप चालवतो. सातपुड्याच्या पायथ्याकडून सकाळची पहिली खेप आणताना तो टपावर गोड पाण्याच्या कॅन टाकून आणत असे आणि बाई आपली बांगड्यांची हातगाडी लावायच्या आधी ते पाणी रांजणात ओतत. कोण प्यालं, काहून प्यालं, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. पिणारा फार तर तोंड पुसून 'येतो भाभी' म्हणे आणि बस पकडे. असा सगळा बेशिस्तीचा कारभार होता.

माझं पेपरचं दुकान त्याच रांगेत आहे. त्या वर्षांत आमचं वऱ्हाड रोज पहिल्या पानावर असायचं, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी अशी असायची की मी गठ्ठा पालथा ठेवत असे. बातमी वाचून बाहेरची माणसं सेवा करायला येऊ लागली. कोणी शेतकऱ्यांना श्वास घ्यायला शिकवलं, कोणी हसायला. कापूस गेला असेल, पण सेवेचं पीक चांगलं आलं होतं. त्याच हंगामात अकोल्याचं विश्वैक्य सेवा मंडळ आमच्याकडे आलं.

मंडळाचे अध्यक्ष रामराव कोणत्याशा खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी रांजणाशेजारी उभं राहून प्रवचन दिलं. पाजणारा आणि पिणारा हे दोन नाहीतच, एकच चैतन्य स्वतःला पाणी पाजतं, असा त्याचा सारांश. नईमाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग उद्याच्या कॅन साहेबांनी उतरवल्या तरी चालतील. रामरावांनी समजावून सांगितलं की आत्म्याच्या पातळीवर ते रोजच उतरवत आहेत.

यथावकाश मंडळाने पाणपोई दत्तक घेतली. पत्र्याची शेड आली, टाकी आली, नळाला कुलूप आलं आणि वर फलक लागला, 'एकात्मता जलसेवा केंद्र'. पाणी मात्र जहीरनेच आणायचं, कारण सेवेत खंड पडता कामा नये. रांजण अकोल्याच्या कार्यालयात गेले. तिथे ते काचेच्या कपाटात ठेवले आहेत आणि त्यांना हात लावायला मनाई आहे.

उद्घाटनाला एका हिंदूचा आणि एका मुसलमानाचा हात एकाच ग्लासावर ठेवून फोटो काढण्यात आला. फोटो इतका आवडला की मंडळाला पुढचं सुचलं. एकट्या माणसाने पाणी प्यायल्यास ते निव्वळ पाणी पिणं ठरतं, त्यात ऐक्य कुठे दिसतं? म्हणून नियम झाला. यापुढे पाणी जोडीनेच मिळेल, एक त्यांच्यातला आणि एक यांच्यातला. नळाच्या किल्लीवर पुंजाराम नावाचा सेवक नेमला. तो प्रत्येकाला आधी पूर्ण नाव विचारी. ज्या गावात रांजणावर कधी कोणाला नाव विचारलं नव्हतं, तिथे ऐक्यासाठी आडनावं विचारली जाऊ लागली.

लोक काय, कशातूनही वाट काढतात. मोटार-स्टँडवरचा गुलफाम रिकामाच असे. तो सकाळपासून केंद्रावर बसू लागला आणि येणाऱ्या प्रत्येक हिंदूबरोबर जोडीला म्हणून पाणी पिऊ लागला. दुपारपर्यंत त्याचं पोट टम्म फुगे. मग तो निंबाखाली आडवा पडे आणि पुढच्या हिंदूंची राष्ट्रीय एकात्मता तिथेच अडे. शुक्रवारी नमाजाच्या वेळेला तर सगळीच रांग मशिदीकडे तोंड करून वाट पाहत उभी राही. इतक्या आतुरतेने नमाज संपण्याची वाट पाहणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

मग ऑक्टोबरात रमजान आला. ऊन चैत्रासारखं, आणि दुसऱ्या बाजूचं कोणी दिवसा पाणी पिईना. पुंजारामने 'जोडीअभावी केंद्र बंद' अशी पाटी लावली. एकट्याला पाणी द्यावं का, अशी विचारणा अकोल्याला गेली. प्रकरण विचाराधीन असल्याचं उत्तर आलं. नईमाबाई स्वतः रोजा धरून, कोरड्या तोंडाने, जहीरने आणलेलं पाणी रोज त्या बंद टाकीत ओतत होत्या. मला ते बघवत नसे.

एका दुपारी कापूस वेचून आलेली दुर्गाबाई बसमधून उतरली आणि केंद्राच्या पायरीवरच बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पाण्यासाठी ती हातानेच खूण करत होती. पुंजारामने सवयीने पूर्ण नाव विचारलं आणि दिवस मावळल्यावर यायला सांगितलं. मी माझी बाटली शोधली, ती रिकामी होती. नेमके त्याच दिवशी रामराव फोटोवाल्याला घेऊन पाहणीला आले होते. पुंजाराम किल्ली घट्ट धरून त्यांच्याकडे बघू लागला. दुर्गाबाईची मान एका बाजूला कलली, तशा नईमाबाई गाडी टाकून धावत आल्या आणि तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

"कुलूप काढा," त्या म्हणाल्या.

रामरावांचा चेहरा उजळला. दोन्ही बाजू एकाच पायरीवर होत्या. ते खाली वाकून अगदी मायेने बोलले.

"भगिनी, तुम्ही एक घोट घ्या, म्हणजे नियम पूर्ण होईल. शेवटी देव एकच आहे."

नईमाबाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा दुर्गाबाईकडे.

"साहेब, पाजणारा अन् पिणारा एकच हाय, हे तुमीच सांगतलं ना? मंग ही प्याली म्हंजे मीच प्याली. काढा कुलूप."

स्वतःचंच वाक्य असल्यामुळे रामरावांना त्यावर हरकत घेता आली नाही. पुंजारामने कुलूप काढलं. दुर्गाबाई प्याली, थांबली, पुन्हा प्याली. नईमाबाईंनी ओला हात तिच्या तोंडावरून फिरवला आणि स्वतःचे कोरडे ओठ ओढणीने पुसले. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला.

दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानातल्या पेपरात फोटो होता. वर मथळा, 'ऐक्यासाठी रोजा सोडला! मुस्लीम भगिनीचे जलपान'. जहीरला मोहल्ल्यात लोक अडवून विचारू लागले. अकोल्यात बाईंचा सत्कार ठरला, शाल आली, निमंत्रण आलं. बाई गेल्या नाहीत. बोलवायला आलेल्या पुंजारामला त्यांनी एवढंच सांगितलं.

"रोजा माहा अन् अल्लाचा हाय, भाऊ. तुमच्या मंडयाचा नाही."

ईद झाली. बाईंनी जहीरच्या कॅन टाकीत ओतणं बंद केलं. आता रस्त्याच्या पलीकडे, निंबाखाली, कुंभाराकडून आणलेला नवा रांजण आहे. त्यावर फलक नाही. बाई 'गार देऊ का' एवढंच विचारतात. दुर्गाबाई वेचणीच्या दिवसांत येता-जाता तिथे बसते आणि रांजण रिकामा दिसला की स्वतःच भरून टाकते. रस्त्याच्या अलीकडचं केंद्र कोरडं आहे, पण सुरू आहे. उत्कृष्ट जलसेवेचं मानचिन्हही त्याला मिळालं.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, पण माझं नाव कुठेच सांगितलं नाही. तुमच्या हे लक्षात आलेलंच असणार. हा पेपरवाला त्यांच्यातला की यांच्यातला, हा अंदाज तुम्ही मघापासून घेत आहात. काही हरकत नाही. अलीकडच्या बाजूला, शेडमध्ये, बाकावर बसा. पुंजाराम तुमचं पूर्ण नाव विचारेल. जोडीदार आला की पाणी मिळेल.