नानाशेठ आणि चिंचखारचं मीठ

आग्र्याहून आलेल्या माणसाला ताजमहाल कसा वाटला, असं विचारायची पद्धत आहे. मीही विचारलं. नानाशेठ म्हणाले, "बरा हाय. पन बाय, पेठ्याची दुकानं! एका गल्लीत चवदा मोजली. आन् परतेक डब्यावर आग्रा लिवलेलं. ताजमहाल तितंच ऱ्हातो, डबा घरी येतो."

मी पनवेलला कॉलेजात मार्केटिंग शिकवते, बारा वर्षं झाली. नानाशेठ कामोठ्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, सातवी शिकलेत, आणि माझा विषय मला शिकवतात. सुरुवातीला माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मग एक दिवस लक्षात आलं, की त्यांची उदाहरणं मी वर्गात खुशाल माझी म्हणून सांगतेय. तेव्हापासून गप्प बसून ऐकते.

जमिनीचा मोबदला मिळाल्यापासून नाना दरवर्षी टूर कंपनीबरोबर फिरतात. सोबत बायको, म्हणजे आमच्या नानी. नानी देवळात, तर नाना देवळाबाहेरच्या दुकानात. ग्रुप फोटोत ते कधीच नसतात. त्यांच्या फोनमध्ये मात्र पाट्या, जॅमच्या बाटल्या आणि लोणच्याची झाकणं. राजस्थानात एकदा बस त्यांना सोडूनच निघाली. सापडले कुठे, तर पापडाच्या कारखान्यात, लेबल चिकटवणाऱ्या बाईशी वाद घालताना. गावाचं नाव इतकं बारीक का छापलं, असा वाद! त्या बिचारीला मराठी येत नव्हतं आणि नानांना थांबणं.

"पयलं नाव खपतं, मंग माल," हा त्यांचा सिद्धांत. "लोनावल्याची चिक्की बनते कुठं, कोन बगाया जातो? लोनावल्याची हाय, बास!"

पनवेलवर त्यांचा राग होता. "गोव्याला जानारे समदे इतं थांबतात. वडा खातात, मुतारीला जातात आन् निघतात. पनवेलचं नाव घरी कोन नेतो? कोनी नाय!"

एका रविवारी ते मॉलमधून गुलाबी मिठाचं पाकीट घेऊन तडक आमच्याकडे आले. पाकिटावर बर्फाच्या डोंगराचं चित्र. "डोंगराचं मीठ!" ते ओरडले. "आमच्या बापजाद्यांनी पाय कुजवून खाडीचं मीठ काढलं, गोनीवर साधं गावाचं नाव नाय. आन् हा डोंगर बग कसा मिरवतोय! आता मी काढनार, चिंचखारचं मीठ. लेबल तू बनवायचंस."

चिंचखार हे नानांचं गाव. म्हणजे, होतं. गव्हाणच्या अलीकडे खाडीला लागून साठ-सत्तर घरं आणि मिठागरं. विमानतळासाठी गावं उठली त्यात तेही उठलं. माणसं कुणी कामोठ्याला, कुणी उलव्याला, कुणी नेऱ्याला पांगली. एसटीच्या पाटीवरून नाव गेलं. नानांच्या नातीनं शाळेच्या फॉर्मवर मूळ गाव 'कामोठे' लिहिलं, तर नाना तीन दिवस जेवताना कुणाशी बोलले नव्हते. "मी मेल्यावं चिंचखार बोलनारा कोन, बाय?" असं मला विचारायचे. मी काय सांगणार, कपाळ?

लेबलवरून आमची तीन संध्याकाळी भांडणं झाली. त्यांना गावाबरोबर तालुका, जिल्हा, पिनकोड आणि फेटा बांधलेला स्वतःचा फोटो हवा होता. "नाना, हे पाकीट आहे, लग्नपत्रिका नव्हे!" शेवटी फक्त गावाचं नाव राहिलं, पण एवढं मोठं की मिठाला जागा उरली नाही म्हणून 'मीठ' खाली कोपऱ्यात गेलं. पाचशे पाकिटं छापून आली. नाना त्यावर हात फिरवत बसले.

उरणकडे त्यांच्या मेव्हण्याचं मिठागर आहे. तो गोणी पाठवायला तयार होता. मी सहज, थोडं चिडवायलाच म्हटलं, "मज्जा आहे तुमची. मीठ उरणचं, नाव चिंचखारचं. लोणावळ्याची चिक्की!"

नानांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. मला माझीच लाज वाटली.

"लोनावला जाग्यावं हाय, बाय," ते म्हणाले. "त्याच्या नावात कायपन भरा, चालतं. माझं गावच नाय. ऱ्हायलंय ते नाव. त्यात पन दुसऱ्याचं भरू?"

त्यांनी मेव्हण्याला फोन करून गोणी नको म्हणून सांगितलं. पाकिटं तशीच टेबलावर पडली.

तेव्हा नानी आतून म्हणाल्या, "माल्यावं दोन बरन्या हायत ना. शेवटच्या साली गावात काढलेलं मीठ. मला हात लावू देत नाय ते."

"ते विकायचं नाय," नाना म्हणाले.

"विका कोन बोललं? वाटा."

बरण्या उतरवल्या. करडं, जाडं मीठ, जरा ओलसर झालेलं. एका पाकिटात एक मूठ. गावातल्या घरागणिक एकेक होईल एवढंच निघालं. उरलेली पाकिटं नानींनी दोरीनं बांधून ठेवली. माझ्या बारा वर्षांच्या शिकवण्यात असा धंदा कुठे बसत नव्हता, पण मी गाडी काढली, कारण नाना गाडी चालवत नाहीत.

उलव्याला नवव्या मजल्यावर नानांची जनाकाकी राहते. मिठागरात राबून पायाला पडलेली भोकं तिला अजून आहेत, डोळ्यांनी मात्र दिसत नाही. तिनं पाकीट चाचपलं, फोडलं, एक खडा जिभेवर ठेवला आणि तो विरेपर्यंत चघळला.

मग म्हणाली, "ह्याच्यावं लिवलंय काय रं?"

"चिंचखार," नाना म्हणाले.

"परत वाच."

"चिंचखार."

"मोठ्यानं वाच. शेजारी ऐकू जाऊ दे."

बसभर लोकांना भाषणं देणारे नानाशेठ भिंतीकडे तोंड करून रुमाल शोधू लागले.  दार उघडं होतं, जिन्यात कुणीतरी होतं, म्हणून मीच वाचलं.

काकीनं हात कानामागे नेला. "अजून मोठ्यानं, बाय."