शेळ्यांच्या गळ्यातलं अनुदान

"मला हरवील असा फॉर्म अजून छापला गेलेला नाही!" असं त्रेंदाफिला छातीठोकपणे सांगायची, आणि गोर्ना लेस्का गावात तिच्या शब्दाला आव्हान देणारं कुणी नव्हतं. एकतीस वर्षं ती गावच्या पोस्टाच्या खिडकीमागे बसली होती. पेन्शनचे फॉर्म, लांडग्यानं मेंढी नेल्याच्या भरपाईचे फॉर्म, जर्मनीत जाऊन पत्ता न कळवणाऱ्या जावयाला शोधायचे फॉर्म, सगळे तिच्या हातून गेले होते. निवृत्त झाल्यावर हातांना काम उरलं नाही, तेव्हा बाई नवऱ्याच्या मागे लागली.

नवरा मिंचो. घंटा घडवायचा. शेळ्यामेंढ्यांच्या गळ्यातल्या. पत्रा कापायचा, ठोकायचा, भट्टीत पितळेचं पाणी द्यायचा आणि मग तास तास कडेवर हातोडी टिचकावत बसायचा, घंटा सुरात येईपर्यंत. अख्खा कळप डोंगर उतरताना एखाद्या बैठकीसारखा सुरेल वाजला पाहिजे, ही त्याची अट. डोंगरापलीकडच्या चार गावांतले धनगर त्याच्याच घंटा मागायचे. पण कारखान्यातल्या स्वस्त घंटा बाजारात आल्या, धनगरही कमी झाले, आणि मिंचोच्या कामाच्या खोलीचं छप्पर असं गळू लागलं, की पावसाळी दिवसात आत छत्री धरून ठोकाठोकी चालायची.

फेब्रुवारीत त्रेंदाफिलानं वर्तमानपत्रात वाचलं: कार्यरत कलावंतांना अनुदान, अर्ज मागवत आहोत. तिचे डोळे लकाकले. पण मिंचोपुढे विषय काढायची सोय नव्हती. एकदा सरपंचानं मदत देऊ केली, तर गडी म्हणाला होता, "माझे हात हातोडी धरायला आहेत, पसरायला नाहीत!"

तेव्हा बाईनं गुपचूप अर्ज भरायचं ठरवलं. चोवीस पानांचा! त्यातले प्रश्न म्हणजे वकिलानं आणि भटजीनं मिळून काढल्यासारखे. पण ती डगमगली नाही. रोज जेवताना एकेक प्रश्न साध्या भाषेत करून ती मिंचोच्या ताटात सोडायची.

"मिंचो, तू घंटा कशासाठी बनवतोस रे?"

"शेळ्या हरवतात म्हणून."

रात्री तिनं लिहिलं: *हरवत चाललेल्याचा शोध, हा कलावंताच्या निर्मितीचा गाभा आहे.*

"आणि तुझं काम ऐकतं कोण?"

"शेळ्या! दुसरं कोण?"

*रसिकवर्ग: ग्रामीण, विखुरलेला, प्रामुख्यानं डोंगराळ भागातला.*

"समज, उद्या तू काम थांबवलंस. काय होईल?"

मिंचोनं चमचा खाली ठेवून विचार केला. "राद्कोच्या शेळ्या शेजारच्या ज्लात्काच्या कोबीत शिरतील. आणि तुला आज झालंय काय?"

*अनुदानाअभावी परिसरातील सामाजिक सलोखा धोक्यात येऊ शकतो.*

शेवटी मिंचोच्या नावाची सही ठोकून तिनं अर्ज धाडला, आणि आरशात स्वतःकडे पाहून स्वतःलाच सलाम केला.

सहा महिने काही नाही. मग सप्टेंबरात एका सोमवारी त्रेंदाफिला दाढ काढायला तालुक्याला गेली आणि नेमका घरचा फोन वाजला. उचलला मिंचोनं. पलीकडून एक गोड पण धारदार बाई बोलली.

"आम्ही गुरुवारी राजधानीतून, सोफियाहून दोघं येतोय. तुम्ही बनवलेली प्रत्येक वस्तू पाहायचीय. वर्षाला किती बनवता, किती विकता, उत्पन्न किती, सगळं विचारू. कागदपत्रं तयार ठेवा."

आणि फोन बंद!

मिंचोच्या कानात एकच घंटा वाजली: करखातं! जत्रेत उघड्यावर चाळीस वर्षं घंटा विकल्या, पावती म्हणून कागदाचा चिटोराही कधी फाडला नव्हता. पण बायकोला सांगायचं नाही, असं त्यानं ठरवलं. बिचारीची दाढ काढलीय, त्यात हा घोर कशाला?

तिकडे दवाखान्यातल्या खुर्चीवर त्रेंदाफिलाच्या मोबाईलवरही तीच बाई बोलली होती. तिनंही नवऱ्याला सांगितलं नाही. सुजलेल्या गालानं एवढंच म्हणाली, "गुलुवाली माझ्या पोश्टातल्या मैत्लिणी येनाल आहेत. आंघोल कल."

"मैत्रिणी? गुरुवारीच?" मिंचोच्या मनात आलं, म्हणजे झडती चारचौघींसमोर! आता तर घर रिकामं दिसलंच पाहिजे!

त्यानं धनगर राद्कोला गाठलं. राद्को म्हणजे दिलदार माणूस. डोक्यानं जरा घाईचा.

"राद्को, एकशे बेचाळीस घंटा लपवायच्यात."

"विहिरीत टाक."

"गंजतील!"

"पुरून टाक."

"आवाज मरेल, गाढवा!"

राद्कोनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं आणि एकदम मांडीवर थाप मारली. "मिंचोदादा, शेळ्यांच्या गळ्यात! शेळीची झडती घेणारा अधिकारी अजून जन्मायचाय!"

गुरुवारी पहाटे, बायको चीज भरून भाजायच्या बानित्साच्या पोळ्या लाटत असताना, त्या दोघांनी पन्नास शेळ्यांच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन घंटा अडकवल्या. सूर बघायला वेळ कुठला! हाताला येईल ती घंटा, समोर येईल ती मान. शेळ्या बावचळल्या. लग्नात सगळे दागिने एकदम घातलेल्या नवरीसारख्या मान वाकडी करून त्या डोंगर चढू लागल्या.

दुपारी गाडी आली. फोनवरच्या काल्चेवाबाई, आणि त्यांच्याबरोबर संगीताचे प्राध्यापक दिमोव, उंच, अबोल, सतत वहीत काहीतरी टिपणारे. त्रेंदाफिला नवा ब्लाऊज घालून दारात उभी. अभिमानानं तिचा चेहरा ताज्या पावासारखा फुगला होता, थोडा दाढेमुळेही.

"या, या! आधी यांचं काम बघा, मग खायला बसू!" असं म्हणत तिनं कामाच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

भिंतभर खिळे. फक्त खिळे! ऐरणीवर एक मांजर झोपलेलं.

कोपऱ्यात मिंचो हात मांडीखाली दाबून बसला होता.

"घंटा कुठेत?" काल्चेवाबाईंनी विचारलं.

"कसल्या घंटा?" मिंचो म्हणाला.

"तुम्ही बनवता त्या!"

"मी? छे! मी आयुष्यात घंटा बनवली नाही."

त्रेंदाफिलानं चौकट धरली. "अहो, बरं नाहीये त्यांना!"

"ठणठणीत आहे मी," मिंचो ठासून म्हणाला. "उत्पन्न शून्य. हिच्या पेन्शनवर जगतो. लिहून घ्या."

प्राध्यापकांनी खरंच लिहून घेतलं. काल्चेवाबाई कागद चाळत म्हणाल्या, "पण अर्जात तर लिहिलंय, की हरवत चाललेल्याचा शोध..."

"अर्ज? कसला अर्ज?"

त्रेंदाफिलानं नवऱ्याला दंडाला धरलं आणि पाहुण्यांना हसून दाखवत सरळ स्वयंपाकघरात ओढत नेलं. दार लागलं. आणि मग जे भांडण झालं, ते गोर्ना लेस्काच्या इतिहासात सगळ्यात हळू आवाजात झालेलं भांडण होतं!

"करखातं नाहीये ते! अनुदान द्यायला आलेत, मूर्खा!"

"अनुदान? माझ्या नावानं हात पसरलास तू?"

"छप्पर गळतंय!"

"गळू दे! मी छत्रीत मरेन! कलावंत आहे का नाही, हे सोफियाच्या लोकांनी येऊन ठरवायचं? ते कोण लागून गेले?"

त्रेंदाफिलानं हात पदराला पुसले. मग म्हणाली, आणि आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता, "एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले मी, मिंचो. सगळ्या गावाचं काहीतरी कुठंतरी लिहिलेलं आहे. तुझंच कुठं नाही. छप्पर गेलं खड्ड्यात. तू कोण आहेस ते एकदा, एकाच कागदावर, कुणीतरी लिहिलेलं मला वाचायचं होतं."

मिंचोनं तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग नाक जोरात शिंकरलं.

"घंटा राद्कोकडे आहेत," तो पुटपुटला. "म्हणजे, शेळ्यांकडे."

"कुणाकडे?"

त्यानं लगेच फोन लावला. "राद्को! शेळ्या घेऊन खाली ये! पटकन!"

डोंगरावर एकशे बेचाळीस घंटांच्या गदारोळात राद्कोला फक्त "पटकन" एवढंच ऐकू गेलं. त्याचा अर्थ त्यानं आपल्या घाईच्या डोक्यानं लावला: पळ! आणि तो मित्राला वाचवायला कळपासकट डोंगरमाथ्याकडे सुसाट सुटला.

इकडे त्रेंदाफिला पाहुण्यांना बानित्सावर बानित्सा वाढत होती. तीन तास झाले. दह्याचं सातवं भांडं रिकामं झालं. काल्चेवाबाईंनी घड्याळ पाहिलं, पर्स उचलली आणि थंडपणे म्हणाल्या, "त्रेंदाफिलाबाई, बानित्सा उत्कृष्ट होती. पण आम्ही पाककलेला अनुदान देत नाही."

त्या गाडीत बसणार, तेवढ्यात प्राध्यापकांनी मान वर केली. "हे काय आहे?"

आवाज डोंगरावरून येत होता. भांड्यांनी भरलेलं दुकान दरीत कोसळतंय, असा! झालं होतं असं, की शेळ्या राद्कोचं का ऐकतील? गळ्यात तीन घंटा, मागे धावणारा धनी; त्या बिथरल्या, उलट्या फिरल्या आणि घराच्या ओढीनं जवळच्या वाटेनं खाली निघाल्या. जवळची वाट ज्लात्काच्या कोबीच्या वाफ्यांतून जात होती.

"मेले! मुडदे! माझा कोबी!" ज्लात्काचा आवाज त्या घणघणाटाच्याही वर चढला.

पन्नास शेळ्या गल्लीत घुसल्या. गाडीला वेढा पडला. एक शेळी टपावर चढली, एकीनं काल्चेवाबाईंचा गळपट्टा चाखून पाहिला. बाई दाराला पाठ लावून "काहीतरी करा! काहीतरी करा!" म्हणत राहिल्या. मागून राद्को धापा टाकत आला आणि अधिकारी दिसताच ओरडला, "या घंटा माझ्या आजोबांच्या आहेत!"

आणि मिंचो? मिंचो कानांवर हात ठेवून उभा होता. चेहरा असा, की कुणी त्याच्या पोटच्या पोराला भरचौकात शिव्या देतंय.

"बेसूर!" तो किंचाळला. "खर्जाच्या शेजारी कुणी टांगलीय ती चिरकी? अगं फिला, मीठ आण!"

मीठ आलं. शेळ्या गोळा झाल्या. आणि मग कुणाकडेही न बघता मिंचो कामाला लागला. डोळे मिटून कान लावायचा, गर्दीत हात घालायचा आणि नेमकी ती घंटा काढायचा. "ही शहात्तर सालची. ही म्हाताऱ्या शेळीला, ती सावकाश चालते, तिला खोल आवाज हवा. ही करडाला. आई मागे राहिली तरी ओळखते." एका घंटेवर तो अडला, खिशातून हातोडी काढली, कडेवर दोनदा टिचकी मारली, ऐकलं, तिसरी मारली. कोबीचा चोथा हातात घेऊन भांडायला आलेली ज्लात्काही तोंड उघडं ठेवून बघत राहिली.

तासाभरानं तो बाजूला झाला. "सोड राद्को. चालव."

कळप हलला. गल्लीतून, चर्चच्या मागून, कुरणाकडे. खालचे सूर आधी गेले, मग त्यांच्यावर मधले, आणि सगळ्यांवर करडांची बारीक किणकिण, पाण्यावर ऊन नाचावं तशी. कळप पार वळणाआड गेला. प्राध्यापकांची वही मिटलेली होती. त्रेंदाफिला मात्र कळपाकडे बघतच नव्हती. ती ऐकणाऱ्यांचे चेहरे एकेक करून बघत होती, आणि ब्लाऊजचं वरचं बटण केव्हा तटकन तुटलं ते तिला कळलंही नाही.

नोव्हेंबरात पत्र आलं. मंजूर! मिंचोनं ते स्वतः खानावळीत नेलं आणि टेबलावर उभं राहून वाचलं. हात पसरणं वगैरे भाषा आता कुठंच नव्हती.

"'कलावंत मिंचो'," तो थांबला आणि पुन्हा वाचलं, "'*कलावंत* मिंचो यांनी सादर केलेल्या प्रयोगानं समिती भारावून गेली आहे!'"

टाळ्या! राद्कोनं सगळ्यांना राकिया पाजली.

"'विशेषतः प्रयोगाच्या सुरुवातीला रिकामी खोली दाखवून स्वतःची कला नाकारण्याची धाडसी कल्पना...'"

मिंचोनं बायकोकडे पाहिलं. त्रेंदाफिलानं डोळ्यांनी दटावलं: वाच पुढे!

"'...धनगराचं नाट्यमय पलायन, आणि शेजारीण ज्लात्काबाईंचा करुण, आर्त विलाप, हे केवळ अविस्मरणीय. पुढच्या सप्टेंबरात वीस परदेशी पाहुण्यांसमोर हाच प्रयोग जसाच्या तसा व्हावा, ही अनुदानाची एकमेव अट आहे. कोबीची व्यवस्था कलावंतानं करावी.'"

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळल्या. दोन महिने या घराशी अबोला धरलेली ज्लात्का तिथं बसली होती.

त्रेंदाफिला उठली, पदरचा सगळा गोडवा गोळा करून तिच्याजवळ गेली. "ज्लात्के, अगं... पुढच्या वर्षी कोबी लावशील ना?"

ज्लात्कानं पेला सावकाश खाली ठेवला, रुमालानं ओठ टिपले आणि मान ताठ केली.

"लावीन की," ती म्हणाली. "पण माझं नाव शेळ्यांच्या वर छापायचं!"