एक सूत डावीकडे

दारातून डोकावल्यासारखं लांबून काय वाचताय? या, असे जवळ सरका. चष्मा घरीच विसरलात ना? वाटलंच. हल्ली तुमचं सगळंच घाईचं. चार ओळी चाळायच्या आणि 'कळलं, कळलं' म्हणत उठायचं. आमचे तातू परब असे कळणारे नाहीत, सांगून ठेवते. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही अशी की पलीकडे शिंकलं की अलीकडे 'सत्य आहे' म्हणायचं. तरी हा माणूस मला कळायला कितीतरी वर्षं गेली. आणि तेसुद्धा मी एक मोठा गाढवपणा केला म्हणून.

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळशी घेऊन गॅलरीतून चालले होते. समोरून हे गृहस्थ आले, थांबले, एक डोळा मिटून माझ्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "वयनी, कुंकू एक सूत डावीकडे आसा."

ना ओळख ना पाळख! मी तणतणत घरात गेले आणि आरशात पाहिलं. होतं डावीकडे.

हे सूत म्हणजे कापडातलं सूत नव्हे बरं. फिटर लोकांचं माप ते, एका इंचात आठ सूत. तातूभावजी मिलमध्ये साच्यांचे फिटर. साचे म्हणजे कापड विणायचे माग. दिवसभर साचे सरळ करायचे आणि घरी आल्यावर जग. कोणाच्या घरी चहाला गेले की आधी देवाची तसबीर नीट करणार, मग कप उचलणार. एका लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, सगळे अक्षता घेऊन उभे, आणि हे मागून ओरडले, "अंतरपाट दोन सूत उतारलो हा!" भटजींची लयच गेली. वर त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "हयसर एक सूत, थयसर एक हात." म्हणजे इथे सुताएवढं चुकलं तर तिकडे पोचेपर्यंत हातभर चुकतं. आम्ही बायका नळावर त्यांची नक्कल करायचो. सगळ्यात चांगली नक्कल माझी. उगाच कशाला खोटं बोलू?

भावजींची बायको गावी, कणकवलीकडे, सासू आणि भाताची शेती सांभाळायला. इथे भावजी, एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि बाबी गावडे. बाबी म्हणजे त्यांचा जिवाचा मित्र. एका गावचे, एकाच खात्यात, हे फिटर आणि तो विणकर. तो राहायला समोरच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर. मधे पन्नास फुटांची गल्ली. त्याच्या गॅलरीत तो आणि आमच्या गॅलरीत हे, सुट्टीच्या दिवशी समोरासमोर दाढी करत बसायचे.

मग संप आला. तो तुम्हाला माहीत आहे, मी त्याचं पुराण लावत नाही. वर्ष उलटलं, बाबीची बायको सुमन आजारी, घरात काही शिल्लक नाही, आणि एका सकाळी बाबी संप मोडून, मान खाली घालून मिलच्या दरवाजातून आत गेला. त्या संध्याकाळी तातूभावजी गॅलरीत उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे गरजले, "रवळनाथाची शपथ! ह्याच्याशी तोंडातून शबूद काढूचंय नाय! ह्याच्या दारात पाय ठेवूचंय नाय! ह्याका हात लावूचंय नाय!"

बाबीने गॅलरीतली खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसला. ती पाठ बारा वर्षं तशीच. पुढे भावजी एका गॅरेजात चिकटले, बाबीची मिल बंद पडली, दोघांचे केस पिकले, पण पाठ काही फिरली नाही. आणि मी? मी काय कमी? मीही सुमनकडे कालवणाची वाटी पाठवणं बंद केलं होतं. मोठी तत्त्वाची बाई ना!

तर अशा या तातूभावजींनी एका गणपतीत बाजारातून प्लॅस्टिकची बंदूक आणली. पिवळ्या गोळ्यांची, मुलं घेतात ती. पंचावन्न वर्षांचा माणूस! मी म्हटलं, "काय भावजी, दरोडा घालायचा विचार आहे?"

"गोळी पंधरा फुटांवर पडता," ते खिन्न होऊन म्हणाले. "आणि ती पण वाकडी."

दुसऱ्या दिवशी बंदूक वर्तमानपत्रावर उघडी पडलेली. आणि त्याच आठवड्यात माझा स्टोव्ह पंप घेईना. दट्ट्या नुसता वरखाली, हवा नाहीच. उघडून बघते तर आतला चामड्याचा वायसर गायब! भावजींना विचारलं, तर बंदुकीतून मान वर न करता म्हणाले, "वायसर बरो होतो तुमचो. आता हवा गळत नाय." मग माझ्या ट्रान्झिस्टरची एरियल गेली. ती पितळेची नळी त्यांना बंदुकीच्या नळीत बसवायची होती. राखुंडी लावलेला दोरा आतून तीन दिवस ओढून ती आरशासारखी केली. माझी रेडिओवरची नाटकं मात्र त्यानंतर खरखर ऐकू यायची. मग माझा आरसाच गेला. तो तिरका धरून त्यावरून ते एकेक पिवळी गोळी सोडायचे. सरळ घरंगळली तर डबीत, वाकडी गेली तर बाद. शंभरातल्या दहा-बारा पास व्हायच्या. एवढी कडक परीक्षा माझी बघायला आले तेव्हासुद्धा झाली नव्हती.

सगळ्यात कमाल त्या रबराची. नळीच्या आत, वरच्या बाजूला, सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा लावला. गोळी जाताना त्याला घासते, उलटी फिरकी घेते आणि मग पडायच्या ऐवजी तरंगत जाते. "जोर नको, वयनी. फिरकी व्हयी," असं म्हणत त्यांनी स्प्रिंगचे उलट दोन वेढे कापून टाकले. मी म्हटलं, लोक जोर वाढवतात आणि हा माणूस कमी करतोय. चाललंय काय?

मग आली माझी पाळी. "वयनी, जरा थय पाठमोऱ्या उभ्या ऱ्हवा." गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, पदर दुहेरी करून, मी उभी. वय माझं पन्नासच्या घरात. टक्, पाठीला काहीतरी लागलं.

"लागला?"

"लागलं."

"दुखला?"

"थोडं दुखलं हो."

"छ्या!" म्हणून भावजी परत स्क्रू उघडायला बसले. असं पाच-सहा दिवस. मी भाजी निवडायची सोडून निशाण होऊन उभी. समोरची बायका-पोरं हसायची. मला आधी वाटलं वेड लागलं. पण मग एके दिवशी नेम धरताना त्यांचा डोळा कुठे जातो ते मी बघितलं. गल्लीपलीकडे. बाबीच्या पाठीवर.

म्हणजे हे चाललंय! बारा वर्षांचा राग, आणि त्यासाठी दुखतं किती याचं माप माझ्या पाठीवर काढतोय हा माणूस! त्यात सुमनने नळावर सांगितलं होतं की खोली सोडली, रविवारी सकाळच्या गाडीने दोघं कायमची गावी चाललीत. मी दोन आणि दोन मिळवले, आणि माझ्या हुशारीने त्यांचे बावीस झाले.

शनिवारी दुपारी भावजी अंघोळीला गेले, तशी मी पक्कड घेऊन त्यांच्या खोलीत शिरले. बंदुकीच्या टोकावर नेम धरायला जो बारीकसा उंचवटा असतो, त्याला ते माशी म्हणायचे. ती माशी मी धरली आणि उजवीकडे वाकवली. फार नाही, थोडीशीच. मग घरी येऊन अशा थाटात चहा ठेवला, जशी काही मी एकटीने लालबाग वाचवलं.

ऊन उतरल्यावर भावजी गॅलरीत आले. स्वच्छ सदरा, दाढी केलेली. समोर बाबीच्या गॅलरीत बांधलेली बोचकी, आणि त्यांच्यामध्ये ती उलटी खुर्ची. बनियनमधली पाठ, थोडी पोक आलेली. भावजींनी बंदूक कठड्यावर टेकवली, श्वास रोखला, सोडली. पिवळी गोळी छान तरंगत गेली आणि बाबीच्या डावीकडे हातभर लांब, एका बोचक्यावर पडली. दुसरी, तिथेच. तिसरी, तिथेच. मी आतून बघत होते आणि मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

चौथी गोळी त्यांनी भरलीच नाही. उजवा हात डोळ्यांपुढे धरून बघत राहिले. मग तिथेच, उंबऱ्यावर बसले. चेहरा असा, की मिल बंद झाली तेव्हाही तसा नव्हता.

"वयनी," ते म्हणाले, "हात गेलो माझो."

एवढा मोठा आवाज करणारा माणूस, आणि हे एवढंसं बोलणं. माझ्याने राहवेना. "भावजी, हात नाही गेला," मी म्हटलं. "माशी गेली. मी वाकवली. पक्कडीने."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार.

"किती?"

"अहो, किती काय? एक सूत असेल!"

"खयच्या बाजूक?"

"उजवीकडे."

त्यांनी एक डोळा मिटला, ओठांत हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मगे बरोबर! हयसर एक सूत, थयसर एक हात. हात बरो आसा माझो!" एवढं म्हणून झाल्यावर मग त्यांना सुचलं. "पण कित्याक वाकवलात?"

"तुम्ही बाबीभावजींना मारायला निघालात म्हणून!"

तातूभावजी हसले नाहीत. बंदूक मांडीवर घेऊन, खिळ्याच्या टोकाने माशी सरळ करत, खाली मान घालून सांगू लागले. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडायचे. कानात बोललं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून कोणाला हाक मारायची तर तुटक्या सुताची गोळी वळून त्याच्या पाठीवर मारायची. तो वळला की मग ओठांनी आणि बोटांनी बोलायचं. बाबी चार साचे सोडून पुढे उभा. "वीस वर्षां माझी गोळी चुकली नाय, वयनी. आता खांद्यात जोर नाय. सुताची गोळी करून बघितलंय, गल्लीतच पडता. हाक मारूची तर शपथ आसा, आणि तेका ऐकूक पण येणा नाय. कान साच्यांनी खाल्ले तेचे." मग बंदुकीवरून हात फिरवत म्हणाले, "शबूद नाय, पाय नाय, हात नाय, असा बोललंय मी. बंदुकीचा रवळनाथाक काय सांगूक नाय. फक्त लागाक व्हया, दुखाक नको."

पाठीवर जिथे जिथे गोळ्या लागल्या होत्या, ती प्रत्येक जागा मला आठवली. 'दुखलं' म्हटल्यावर हा माणूस 'छ्या' का म्हणायचा, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

ते उठले. मी आपणहून डबी पुढे केली. त्यांनी त्यातली एक निवडली, बोटांत फिरवून बघितली. टक्.

पिवळी गोळी गल्लीवरून तरंगत गेली आणि बाबीच्या दोन खांद्यांच्या मधोमध टेकली. लागली म्हणायचं, बाकी काही नाही.

बाबी हलला नाही. मग त्याचा हात हळूच पाठीमागे गेला आणि त्या जागेवर थांबला. बराच वेळ. आणि वळायच्या आधीच त्याने तो हात वर केला आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, वातीला पीळ घालतात तसं. माझ्या शेजारी भावजी कठड्यावर पुढे झुकले. "धागो तुटलो, जोड," ते पुटपुटले. "तशी खूण ती."

मग बाबीने खुर्ची फिरवली.

पुढचा अर्धा तास दोघं बोलत होते. ओठ हलतायत, बोटं चालतायत, एकदा बाबी हसला, एकदा भावजींनी डोळे पुसले, आणि आवाज एक नाही. अहो, या चाळीतली प्रत्येक बातमी माझ्या दारावरून जाते. आणि एवढी मोठी बातमी माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि मला एक अक्षर कळलं नाही! शेवटी न राहवून मी विचारलं, "काय बोललात हो इतकं?"

"बोललंय खय?" भावजी म्हणाले. "शपथ आसा ना."

रविवारी सकाळी बाबी आणि सुमन गेली. मी वाटेसाठी घावने करून दिले, बारा वर्षांच्या वाट्यांच्या बदली. भावजी खाली उतरले नाहीत, गॅलरीतूनच बोटं हलवत राहिले. टॅक्सी वळल्यावरसुद्धा हलवत होते.

ती बंदूक अजून त्यांच्या खिळ्याला आहे, सरळ, सुतात. परत कधी उडाली नाही. समोर बाबीच्या खोलीत आता दुसरी माणसं आहेत, तोंड इकडे करून बसणारी, पण भावजी संध्याकाळी गॅलरीत बसतात ते पाठ गल्लीकडे करून. मी कारण विचारलं नाही. एवढी अक्कल आता आली आहे मला.

तुम्ही एकदा या हो आमच्याकडे. उन्हाळा, गणपती असं काही बघू नका, याच आठवड्यात या. भावजींना आता ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या दारावर ठोकत बसू नका. आधी माझ्याकडे या. मी पिवळ्या गोळ्यांची डबी सांभाळून ठेवली आहे, त्यातली एक घ्या आणि मागून त्यांच्या पाठीवर टाका. हातानेच, अगदी हळू. वळले की आधी तुमच्या कॉलरकडे बघतील, ते मनावर घेऊ नका. चहा मी ठेवते. स्टोव्हला नवा वायसर घातला आहे.